एका ध्वनिफितीवरून उभें राहिलेलें चरित्र

कलावंताचें चरित्र सांगणें हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. राजाचें चरित्र सांगावयाचें तर त्याच्या लढाया, त्याचे तह आणि त्याची राज्यव्यवस्था यांची नोंद दप्तरांतून सांपडते. मुत्सद्द्याचें सांगावयाचें तर त्याचा पत्रव्यवहार हाताशीं असतो. परंतु वाजविणाऱ्या-गाणाऱ्या माणसाचें कर्तृत्व हवेंत उमटतें आणि हवेंतच विरून जातें. मागें उरतात त्या चार तबकड्या, कांहीं छायाचित्रें आणि त्याला ओळखणाऱ्या माणसांच्या आठवणी. आणि आठवणी म्हणजे तरी काय, ज्यानें त्यानें आपल्या मनाप्रमाणें जुळवून ठेविलेली हकीकत! त्यांतून त्या कलावंताचा अंत रक्तरंजित झालेला असला, म्हणजे लोकांच्या तोंडीं त्या अंताचीच गोष्ट राहते आणि कलेची गोष्ट मागें पडते. अशा वेळीं चरित्रकारानें कोणाचें ऐकावें, आणि जिच्या हातून तो अंत घडला त्या व्यक्तीचेंहि ऐकावें काय, हा मोठा बिकट प्रश्न आहे. या प्रश्नाचें एक विचारपूर्वक दिलेलें उत्तर म्हणजे स्वीडनचे दिग्दर्शक कॅस्पर कॉलिन यांनीं २०१६ सालीं पूर्ण केलेला ‘आय कॉल्ड हिम मॉर्गन’ हा माहितीपट होय. अमेरिकेंतील जॅझ संगीताचा थोर ट्रंपेटवादक ली मॉर्गन याचें आयुष्य हा त्याचा विषय आहे.

माहितीपट आणि चरित्रपट यांतील भेद येथें प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. चरित्रपटांत नट नायकाचें रूप घेतो, लेखक त्याच्या तोंडीं संवाद घालतो, आणि जें घडलें किंवा घडलें असावें तें रंगभूमीप्रमाणें डोळ्यांपुढें आणलें जातें. प्रभात कंपनीच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटांत विष्णुपंत पागनीस यांनीं तुकोबांची भूमिका केली. ती पाहतांना प्रेक्षक पागनीसांना विसरले, हेंच त्या प्रकारच्या कलेचें यश. माहितीपटाला ही मोकळीक नाहीं. खरीं माणसें, खरीं स्थळें, खरीं कागदपत्रें आणि खरे आवाज यांवरच त्यानें उभें राहावयाचें असतें. म्हणून माहितीपट करणाराचें कसब दोन गोष्टींत दिसतें: साधनें शोधून काढण्यांत, आणि तीं एकमेकांशेजारीं अशा रीतीनें मांडण्यांत कीं त्यांचा अर्थ प्रेक्षकाला आपोआप कळावा. कॉलिन यांचा हात या कामावर पूर्वींच बसलेला होता. अल्बर्ट आयलर या सॅक्सोफोनवादकाच्या जीवनावर त्यांनीं याआधीं एक माहितीपट केला होता.

ज्या श्रोत्यांचा जॅझ संगीताशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं त्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिणेंतील न्यू ऑर्लिन्स शहरांत तेथील कृष्णवर्णीय समाजानें हें संगीत वाढविलें. ज्यांचे आजे-पणजे गुलामगिरींत राबले त्या लोकांचीं श्रमगीतें, त्यांचीं भजनें आणि मिरवणुकींतील बँडचीं पितळी वाद्यें यांच्या मिलाफांतून तें निपजलें. उपज हा त्याचा प्राण आहे. आपल्याकडे गवई बंदिश मांडतो आणि तिच्या आधारानें आलाप-तानांचा विस्तार करतो. जॅझमध्यें सारा मेळ प्रथम एक धून एकत्र वाजवितो, आणि मग एकेक वादक आळीपाळीनें तिच्यावर स्वतःची इमारत जागच्या जागीं उभारतो. भेद इतकाच कीं, गवयाला रागाची चौकट असते, तर जॅझवादकाला ठराविक क्रमानें येणाऱ्या स्वरसंघांची. त्या चौकटींत राहून नवें कांहीं सांगावें, आणि तें असें कीं दोन सुरांत वाजविणाराची ओळख पटावी, ही त्या विद्येची कसोटी होय.

ट्रंपेट हें तुतारीच्या कुळांतील पितळी वाद्य. त्याला अवघ्या तीन कळा असतात. त्या कळा, ओठांचा ताण आणि छातींतला दम एवढ्याच भांडवलावर सारे स्वर काढावे लागतात. मुंबईकरांस हें वाद्य आणि हें संगीत अगदींच परकें नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत ताजमहाल हॉटेलांत अमेरिकेहून आलेले कृष्णवर्णीय वादक वाजवीत असत, आणि त्यांच्या सहवासांत अनेक गोमंतकीय वादकांनीं ही विद्या आत्मसात केली. त्यांपैकीं आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांचें ट्रंपेट, मास्टर भगवान यांनीं काढलेल्या आणि सी. रामचंद्र यांनीं संगीत दिलेल्या १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाबरोबर घरोघर पोहोंचलें. ज्यांनीं तें ऐकलें आहे त्यांना ली मॉर्गनच्या वाद्याची जात तरी सहज ओळखतां येईल.

ली मॉर्गनचा जन्म १० जुलै १९३८ रोजीं फिलाडेल्फिया शहरांत झाला. लहानपणीं बहिणीनें त्याला ट्रंपेट आणून दिलें, आणि त्या मुलाला दुसरें कांहीं सुचेनासें झालें. १९५६ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, डिझी गिलेस्पी यांच्या मोठ्या वाद्यवृंदांत त्याला जागा मिळाली. गिलेस्पी हे स्वतः त्या काळचे अग्रगण्य ट्रंपेटवादक. त्यांनीं आपल्या मेळांत एका पोराला बसवून घ्यावें आणि एकट्यानें वाजविण्याची संधि द्यावी, ही कांहीं सामान्य गोष्ट नव्हे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ‘ब्लू नोट’ या कंपनीनें त्याच्या स्वतःच्या नांवाची तबकडी मुद्रित केली. पुढच्या वर्षीं जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘ब्लू ट्रेन’ या विख्यात मुद्रणांत तो वाजला, तेव्हां त्याला विसावें वर्ष नुकतेंच लागलें होतें. १९५८ सालीं तो ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांच्या ‘जॅझ मेसेंजर्स’ या मेळांत दाखल झाला. पुढें सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर त्याच मेळांत आले आणि दोघांची जोडी जमली. १९६१ च्या आरंभीं हा मेळ जपानांत गेला, तेव्हां तेथील रसिकांनीं त्याचें मोठ्या थाटानें स्वागत केलें. माहितीपटांतील या काळाचीं छायाचित्रें पाहतांना एक हसतमुख, नीटनेटका, आपल्या गुणाची पुरती जाणीव असलेला तरुण समोर उभा राहतो.

परंतु हेरॉइन या मादक द्रव्याची चटक याच काळांत त्याला लागलेली होती. त्या पिढींतील जॅझवादकांपैकीं कितीकांना या विषानें ग्रासलें! व्यसनापायीं कामांत खंड पडूं लागला आणि १९६१ सालीं त्यानें मेसेंजर्सचा मेळ सोडला. मध्यंतरीं तो सांवरला. २१ डिसेंबर १९६३ रोजीं न्यू जर्सींतील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या मुद्रणालयांत त्यानें ‘द साइडवाइंडर’ ही स्वतःची रचना वाजविली. तिची ठेक्यावर डोलणारी चाल लोकांनीं अशी उचलून धरली कीं, ती तबकडी अमेरिकेंतील सर्व प्रकारच्या तबकड्यांच्या खपाच्या यादींत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत चढली. जॅझच्या तबकडीला एवढें भाग्य क्वचित् लाभतें. पण यश आणि व्यसन हीं दोन्ही एकाच घरांत नांदूं लागलीं, म्हणजे जय बहुधा व्यसनाचाच होतो. माहितीपटांत त्याचे साथीदार सांगतात कीं, गुंगींत असतां खोली तापविण्याच्या नळावर डोकें टेकून तो पडला आणि त्याची कातडी भाजली. तो डाग झांकण्यासाठीं पुढें त्याला केस पुढें ओढून बसवावे लागत. १९६७ च्या सुमारास अवस्था अशी झाली कीं, अंगावरचा कोट आणि हातांतलें वाद्य हीं दोन्ही गहाण पडलीं होतीं.

येथें या कथेंत हेलन नांवाची स्त्री प्रवेश करते, आणि माहितीपटाचा खरा विशेष येथेंच सुरू होतो. तिचा जन्म १९२६ सालीं नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील एका खेडेगांवांत झाला. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत ती दोन मुलांची आई झाली होती. तीं मुलें वडील माणसांच्या स्वाधीन करून ती विल्मिंग्टन या शहरांत आली. तेथें चोरटी दारू विकणाऱ्या एका प्रौढ माणसाशीं तिचें लग्न झालें, आणि थोड्याच काळांत तो पाण्यांत बुडून मेला. त्यानंतर ती न्यूयॉर्कला गेली. शिक्षण नाहीं, कोणाचा आधार नाहीं; पण बोलणें ठसकेबाज आणि हात सढळ. मॅनहॅटनमध्यें ५३ व्या रस्त्यावर, ‘बर्डलँड’ या प्रसिद्ध जॅझ-क्लबपासून जवळच, तिचें बिऱ्हाड होतें. रात्रीं वाजवून दमलेले, भुकेलेले वादक तिच्या घरीं जेवावयास येत. कोणाजवळ पैसे आहेत कीं नाहींत याची चौकशी तेथें होत नसे.

एका कडाक्याच्या थंडींत ली मॉर्गन तिच्या दारांत आला तो कोटावांचून. विचारतां कळलें कीं कोट गहाण आहे. तिनें कोट सोडवून आणला. वाद्य गहाण आहे हें कळल्यावर तेंहि सोडवून आणलें. ती त्याच्याहून बारा वर्षांनीं वडील. तिनें त्याला घरीं ठेविलें, खाऊं-पिऊं घातलें, व्यसनावरील उपचारास लावलें, आणि हळुहळू त्याच्या कार्यक्रमांचीं बोलणीं, येण्याजाण्याची व्यवस्था, पैशांचा हिशेब असा सारा कारभार तिनें आपल्या हातीं घेतला. विधिपूर्वक विवाह झाला नव्हता, तरी ती त्याची पत्नी म्हणूनच वावरे आणि त्याचेंच आडनांव लावी. ‘ली’ हें नांव तिला आवडत नसे. ती त्याला ‘मॉर्गन’ म्हणे. माहितीपटाच्या शीर्षकाचा अर्थ हाच कीं, ‘मी त्याला मॉर्गन म्हणत असें’. त्याच्या साथीदारांनीं मोकळ्या मनानें सांगितलें आहे कीं, हेलन नसती तर तो पुन्हा उभा राहिला नसता. १९७० सालीं कॅलिफोर्नियांतील ‘लाइटहाऊस’ या क्लबांत त्याच्या मेळाचें वादन मुद्रित झालें. तें ऐकणारास सहज कळतें कीं, हा माणूस नुसता जगला-वांचला नव्हता. त्याची कला पुढें सरकत होती.

मग १९७२ चा फेब्रुवारी उजाडला. दरम्यान दुसऱ्या एका स्त्रीशीं मॉर्गनचा स्नेह जडला होता, आणि हेलनच्या मनांत तो सलत होता. न्यूयॉर्कच्या पूर्व भागांतील ‘स्लग्ज’ या क्लबांत त्या आठवड्यांत त्याचें वादन चाललें होतें. १८ तारखेच्या रात्रीं मोठी हिमवृष्टि झाली. क्लबकडे येतांना त्याची मोटार बर्फावरून घसरली. ती तशीच टाकून, ट्रंपेट हातांत घेऊन तो पायीं क्लबांत पोहोंचला. उत्तररात्रीं हेलन तेथें आली. शब्दास शब्द लागला, आणि तिला बाहेर बर्फांत काढण्यांत आलें. तिच्या पिशवींत पिस्तूल होतें. संरक्षणासाठीं म्हणून तें मॉर्गननेंच तिला दिलेलें होतें असें ती सांगते. ती आंत परत आली आणि तिनें गोळी झाडली. जखम होतांच मरण यावें अशी ती नव्हती. परंतु बर्फानें रस्ते अडलेले, रुग्णवाहिका येण्यास फार वेळ लागला, आणि रक्तस्रावानें ली मॉर्गन गतप्राण झाला. त्याचें वय तेहतीस वर्षांचें होतें. ज्या स्त्रीनें त्याला थंडींतून घरांत घेतलें तिच्याच हातून त्याला मृत्यु यावा, हा दैवाचा खेळ कादंबरींत वाचला असता तर वाचकानें तो अशक्य मानला असता.

हेलनला अटक झाली आणि तिनें कारावास भोगला. पुढें ती आपल्या मूळ प्रांतांत विल्मिंग्टनला परत गेली. तेथें तिनें चर्चच्या कामांत मन गुंतविलें; आजूबाजूच्या लोकांना ती एक सेवाभावी वृद्धा म्हणून ठाऊक होती. न्यूयॉर्कमधील जॅझच्या जगांत मात्र ती केवळ ‘ली मॉर्गनला मारणारी बाई’ या चार शब्दांपुरती उरली होती. तिची बाजू कोणीं विचारली नव्हती, आणि तिनें आपण होऊन सांगितलीहि नव्हती.

तिची हकीकत जगापुढें आली ती एका शिक्षकामुळें. विल्मिंग्टनमध्यें प्रौढांसाठीं शिक्षणवर्ग चालत. त्यांत लॅरी रेनी थॉमस हे शिकवीत असत. ते जॅझचे अभ्यासक होते आणि नभोवाणीवर जॅझच्या तबकड्यांचे कार्यक्रमहि सादर करीत. लहानपणीं ज्यांच्या शिक्षणांत खंड पडला अशीं माणसें उतारवयांत पाटी-पुस्तक घेऊन येतात, तसा तो वर्ग. त्यांत एक वयस्क बाई येऊन बसत असे. बोलतां बोलतां तिचा जॅझवादकांशीं पूर्वीं संबंध होता हें कळलें, आणि पुढें ती कोण हेंहि कळलें. थॉमस यांनीं तिला आपली हकीकत सांगण्याची विनंति केली. पण ती सांगण्यास तिच्या मनाची तयारी होण्यास वर्षें जावीं लागलीं. अखेर १९९६ च्या फेब्रुवारींत ती बसली आणि बोलली. थॉमस यांनीं तें सारें साध्या ध्वनिफितीवर उतरवून घेतलें. पुढच्याच महिन्यांत, मार्च १९९६ मध्यें, ती निवर्तली. एक महिना उशीर झाला असता तर तिची बाजू तिच्याबरोबरच मातींत गेली असती.

ही ध्वनिफीत म्हणजे कॉलिन यांच्या माहितीपटाचा कणा आहे. ती कांहीं उत्तम यंत्रावर घेतलेली नव्हे. तींत सरसर आहे, आवाज मध्येंच दूर जातो, मध्येंच जवळ येतो. दुसऱ्या एखाद्यानें ते शब्द लिहून काढून चांगल्या आवाजाच्या नटीकडून वाचवून घेतले असते. कॉलिन यांनीं तसें केलें नाहीं, आणि तेंच योग्य झालें. कारण माणूस काय बोलतो याइतकेंच तो कोठें थांबतो, कोठें हंसतो, कोणत्या शब्दापाशीं त्याचा आवाज खालीं येतो, यांतून तो कळत असतो. न्यायालयांत साक्षीदाराला समक्ष उभें करतात तें याचसाठीं. नभोवाणी ऐकणारांस ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं; केवळ आवाजावरून माणूस ओळखण्याची संवय त्यांना आहेच.

या आवाजाशेजारीं दिग्दर्शकांनीं तीन साधनें मांडलीं आहेत. पहिलें साधन म्हणजे साथीदारांच्या मुलाखती. वेन शॉर्टर, बेनी मॉपिन, बिली हार्पर, जिमी मेरिट, पॉल वेस्ट असे मॉर्गनबरोबर वाजविलेले वादक कॅमेऱ्यापुढें बसून बोलतात. हे वृद्ध लोक चार दशकांपूर्वींच्या मित्राविषयीं सांगतात तेव्हां त्यांच्या शब्दांत अजून ताजें दुःख आहे. आणि नवल असें कीं, हेलनविषयीं बोलतांना रागाबरोबर मायाहि आहे, कारण तिच्या घरचें अन्न त्यांच्यापैकीं कित्येकांनीं खाल्लें होतें. शॉर्टर हे मार्च २०२३ मध्यें निधन पावले. म्हणजे ही साक्षहि वेळेवरच घेतली गेली. दुसरें साधन म्हणजे ‘ब्लू नोट’चे फ्रान्सिस वुल्फ यांनीं मुद्रणाच्या वेळीं काढलेलीं कृष्णधवल छायाचित्रें. वुल्फ हे १९३९ सालीं जर्मनींतून निसटून न्यूयॉर्कला आलेले ज्यू गृहस्थ. वादक तल्लीन असतां ते गुपचूप छायाचित्र घेत. मॉर्गन डोळे मिटून स्वर शोधतो आहे, अंधारांतून फक्त त्याचा चेहरा आणि पितळेची चमक पुढें आली आहे, अशा चित्रांवर कॅमेरा शांतपणें फिरतो. तिसरें साधन म्हणजे स्वतः मॉर्गनचें ट्रंपेट. तें सबंध माहितीपटभर वाजत राहतें. त्याच्या जोडीला बर्फ पडणाऱ्या न्यूयॉर्कचीं दृश्यें वारंवार येतात, त्यामुळें प्रारंभापासूनच त्या शेवटच्या रात्रीची सांवली सर्व कथेवर पसरून राहते.

अशा कृतीवर एक गंभीर आक्षेप घेतां येण्यासारखा आहे, आणि तो टाळून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. जिनें गोळी झाडली तिला तास दीड तास बोलूं द्यावें, आणि ज्याचा जीव गेला त्याला उत्तर देण्यास तोंड नसावें, हा मृतावर अन्याय नव्हे काय? प्रेक्षकाचें मन ऐकतां ऐकतां द्रवतें, आणि द्रवलेलें मन अपराध विसरूं लागतें. हा धोका खराच आहे. परंतु कॉलिन यांनीं त्यावर दोन उपाय योजिले आहेत. एक असा कीं, हेलनचें म्हणणें कोठेंहि अंतिम सत्य म्हणून मांडलेलें नाहीं. त्या रात्रीं क्लबांत हजर असलेल्या माणसांचीं कथनें तिच्या कथनाशेजारीं ठेवलीं आहेत, आणि तीं जुळतात कोठें व फांटतात कोठें हें पाहणाऱ्यावर सोपविलें आहे. दुसरा असा कीं, मृताला तोंड नाहीं हें म्हणणेंच त्यांनीं खोटें ठरविलें आहे. मॉर्गनचें ट्रंपेट हेंच त्याचें तोंड. त्याचा तो उमदा, थोडा खट्याळ, मध्येंच करुण होणारा स्वर एकदां कानांत बसला, म्हणजे काय गमावलें याचा हिशेब कोणी सांगावा लागत नाहीं. हेलनची करुणा जितकी वाढते तितकीच ही हानीहि वाढत जाते. एकीनें दुसरी कमी होत नाहीं.

समजून घेणें म्हणजे क्षमा करणें असें पुष्कळांना वाटतें, आणि म्हणून अपराध्याचें बोलणें ऐकण्यास ते भितात. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचें गेलें त्याचा. समजून घेण्याचें कर्तव्य मात्र सर्वांचें. ली मॉर्गनच्या मृत्यूची बातमी दोन ओळींत सांगतां येते, आणि वर्षानुवर्षें ती तशीच सांगितली गेली. त्या दोन ओळींत खोटें कांहीं नव्हतें. परंतु त्यांत तो गहाण सोडविलेला कोट नव्हता, तें सोडविलेलें वाद्य नव्हतें, चौदाव्या वर्षीं दोन मुलांची आई झालेली मुलगी नव्हती, आणि व्यसनांतून उठून पुन्हा वाजूं लागलेला मॉर्गनहि नव्हता. अर्धें सत्य हें पुष्कळदां असत्याइतकेंच दिशाभूल करतें.

या माहितीपटापासून संगीताच्या इतिहासाबद्दल घेण्यासारखा एक व्यावहारिक धडाहि आहे. ज्या ध्वनिफितीवर हें सारें उभें राहिलें ती कोणा मोठ्या संस्थेनें तयार केलेली नव्हती. एका शिक्षकानें आपल्या वर्गांतील एका वृद्ध विद्यार्थिनीला धीर धरून बोलतें केलें, एवढीच ती गोष्ट. आपल्याकडील एक उदाहरण ताडून पाहण्यासारखें आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखांसाहेब १९४६ सालीं मुंबईस पैगंबरवासी झाले. त्यांच्या गायकीची एकहि तबकडी मागें नाहीं. शिष्यांच्या गळ्यांतून तिचा जो भाग उतरला तेवढाच आज ऐकावयास मिळतो. परंतु आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं आपली जीवनकथा नातू अझीझुद्दीनखां यांना सांगितली आणि नातवानें ती लिहून घेतली, म्हणून त्यांचें बोलणें तरी उरलें. ली मॉर्गनच्या बाबतींत वादन उरलें होतें आणि कथा हरवत चालली होती. खांसाहेबांच्या बाबतींत कथा उरली आणि गाणें हरवलें. दोन्हीं ठिकाणीं जें वांचलें तें कोणी एक माणूस वेळेवर जवळ बसला म्हणून वांचलें.

आज तर प्रत्येकाच्या खिशांत ध्वनिमुद्रणाचें यंत्र आहे. साधनांची वाण उरलेली नाहीं. वाण आहे ती विचारणाराची आणि ऐकून घेणाराची. गांवोगांवीं भजनी मंडळांतील जुने पखवाजी, तमाशाच्या फडांतील म्हातारे ढोलकीवाले, नाटक कंपन्यांतून ऑर्गनची साथ केलेले वादक अजून कोठें कोठें आहेत. त्यांच्याजवळ जें आहे तें पुस्तकांत नाहीं. त्यांतील सारेंच गोड असेल असें नाहीं. कांहीं कडू असेल, कांहीं लाजिरवाणेंहि असेल. पण कडू भाग गाळून घेतलेली आठवण ही इतिहासाच्या कामीं येत नाहीं, हें हेलन मॉर्गनच्या त्या सरसरणाऱ्या ध्वनिफितीनें दाखवून दिलें आहे. तिनें स्वतःला सोडविण्यासाठीं ती हकीकत सांगितली कीं मनावरचा भार उतरविण्यासाठीं, याचा निर्णय ज्यानें त्यानें करावा. तिच्या सांगण्यामुळें ली मॉर्गन मात्र एका बातमींतून बाहेर पडून पुन्हा माणूस झाला, आणि त्याचें ट्रंपेट ऐकणाराला तो माणूस आतां त्यांत ऐकूं येतो.